एकच आज्ञावली, अनेक यंत्रे

(सुरत येथे मराठी शाळांतील शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उधन्याहून निघालेला लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर या गावांवरून जळगावला जातो. याच मार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे सुरतेत आली, यंत्रमागांवर व रंगाई-छपाईच्या कारखान्यांत कामाला लागली आणि लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत स्थिरावली. त्यांच्या मुलांसाठी येथील महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते, आणि आज समोर बसलेल्यांपैकी पुष्कळजण त्या शाळांशी संबंधित आहेत. म्हणून संगणकासारखा विषय आपणांसमोर मांडताना तो मागाच्या आणि शाळेच्या अंगाने मांडावा, असे मी ठरविले आहे.

दहावी-बारावीच्या मुलांकडून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. "मोबाईलवर चालणारी आज्ञावली स्वतः लिहावयाची आहे. आरंभ कोठून करावा?" प्रश्न साधा आहे, पण त्यामागे एक खरी अडचण आहे. मजुराच्या हातात अँड्रॉइडचा मोबाईल असतो, मालकाच्या हातात पुष्कळदा आयफोन असतो, आणि शाळेच्या किंवा कार्यालयाच्या टेबलावर विंडोजचा संगणक असतो. ही तिन्ही यंत्रे वेगवेगळ्या प्रणालींवर चालतात. एकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नाही. अँड्रॉइडसाठी जावा किंवा कोटलिन, आयफोनसाठी स्विफ्ट, विंडोजसाठी आणखी तिसरी भाषा, असे एकेक शिकत गेल्यास मुलाची दोन-तीन वर्षे केवळ तयारीतच जातील. मोठ्या कंपनीला तीन वेगळ्या तुकड्या नेमणे परवडते. एकट्या विद्यार्थ्याला ते परवडण्यासारखे नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी जी साधने निघाली आहेत त्यांना या व्यवसायातील लोक क्रॉस-प्लॅटफॉर्म फ्रेमवर्क म्हणतात. मी सोयीसाठी नुसते 'चौकट' म्हणेन. आज्ञावली एकदाच लिहावयाची आणि चौकटीने ती निरनिराळ्या यंत्रांना समजेल अशा रूपात उतरवून द्यावयाची, अशी ही व्यवस्था आहे.

ज्यांनी जेकार्डचा माग पाहिला आहे त्यांना ही कल्पना समजावयास वेळ लागणार नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जेकार्ड यांनी भोके पाडलेल्या पत्त्यांवरून ताण्याचे धागे उचलणारी यंत्रणा बसविली. जेथे भोक असेल तेथे हुक उचलला जातो, नसेल तेथे तो तसाच राहतो. संगणकाच्या इतिहासात या पत्त्यांना मानाचे स्थान आहे, कारण आज्ञा यंत्राबाहेर लिहून ठेवता येते हे त्यांनी दाखवून दिले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नक्षी काढणारा कारागीर आपली नक्षी चौकटीच्या कागदावर, आणि आता संगणकावर, एकदाच मांडतो. ती ज्या मागावर विणावयाची असेल त्या मागाच्या हुकांच्या संख्येप्रमाणे पत्ते पाडावे लागतात, किंवा इलेक्ट्रॉनिक जेकार्ड असल्यास त्या यंत्राला चालेल अशा स्वरूपात ती नोंदवावी लागते. नक्षी एकच, पत्ते निराळे. चौकट नेमके हेच करते. पत्ते पाडण्याचे काम ती आपल्याकडे घेते आणि नक्षी मात्र आपल्याकडे ठेवते.

अशा चौकटी अनेक आहेत. १९९५ साली क्यूट नावाची चौकट बाहेर आली, ती अजूनही वापरात आहे. त्याच वर्षी आलेल्या जावा भाषेचा सारा गाजावाजा 'एकदा लिहा, कोठेही चालवा' या वचनावरच झाला होता. २०१५ साली फेसबुकने रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सर्वांना खुली केली. गूगलची फ्लटर ही चौकट २०१८ च्या डिसेंबरात पहिल्या पक्क्या आवृत्तीपर्यंत पोहोचली. २०२१ मध्ये संकेतस्थळांसाठी आणि २०२२ मध्ये विंडोज, मॅक व लिनक्स यांसाठीही ती पक्की झाली. यांपैकी कोणती श्रेष्ठ, हा वाद अनुभवी मंडळींनी खुशाल करावा. नवशिक्याने एक निवडावी आणि वर्षभर तीच धरावी. मी आज फ्लटरविषयी बोलणार आहे, कारण ती विनामूल्य आहे, तिचे मूळ सर्वांना वाचावयास खुले आहे, आणि मराठी व गुजराती या दोन्ही लिपींचा तिला चांगला परिचय आहे. ती शिकविण्यासाठी भारी शुल्क मागणारे वर्ग सर्वत्र निघाले आहेत. पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, चौकट आणि तिची अधिकृत माहिती या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. पैसा मोजावयाचा झालाच, तर तो चांगल्या शिक्षकाच्या वेळासाठी मोजावा.

आता प्रत्यक्ष आरंभाकडे वळू. ज्याच्यापाशी संगणक नाही, त्याने थांबून राहण्याचे कारण नाही. डार्टपॅड नावाचे एक संकेतस्थळ आहे. त्यावर डाव्या बाजूस आज्ञा लिहिली की उजव्या बाजूस तिचा परिणाम दिसतो. शाळेच्या संगणककक्षातील साध्या यंत्रावर, वेळ पडल्यास मोबाईलवरही, ते उघडते. पहिला महिना एवढ्यावर भागतो. डार्ट ही फ्लटरची भाषा. जर, नाहीतर, पुन्हा पुन्हा कर, परत दे, अशा अर्थाचे काही डझन इंग्रजी शब्द आले म्हणजे तिचा पाया तयार होतो.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते, म्हणून येथे थोडे थांबतो. डार्ट भाषेत राशींना द्यावयाची नावे रोमन अक्षरांतच लिहावी लागतात. पण शब्द इंग्रजीच असले पाहिजेत असा काही नियम नाही. ताका, मजुरी, पाळी, तारीख, ही नावे रोमन अक्षरांत खुशाल लिहावीत. पडद्यावर दिसणारा सर्व मजकूर देवनागरीत लिहिता येतो. आज्ञावलीत जागोजाग स्वतःसाठी ज्या टिपा लिहावयाच्या असतात त्याही मराठीत चालतात. मुलांनी त्या मराठीतच लिहाव्यात असे मी शिक्षकांना आग्रहाने सांगेन. विचार ज्या भाषेत चालतो त्या भाषेत टीप लिहिली तर आठ दिवसांनी ती उमगते.

संगणक हाताशी आला म्हणजे फ्लटरचा संच त्यावर उतरवून घ्यावा. आठ जीबी स्मृती असलेला विंडोजचा संगणक कामचलाऊ ठरतो, सोळा असल्यास काम सुखाने होते. संच बसविल्यावर 'फ्लटर डॉक्टर' अशी आज्ञा द्यावयाची. हा डॉक्टर यंत्राची तपासणी करून काय आहे, काय नाही, ते सांगतो. पहिल्या दिवशी दोन-तीन लाल खुणा दिसतातच. त्यांनी घाबरून न जाता तो सांगेल तेवढेच एकेक दुरुस्त करीत जावे. संगणकावर मोबाईलची प्रतिकृती चालविण्याची सोय आहे, पण ती स्मृती फार खाते. त्यापेक्षा घरातील खरा अँड्रॉइड मोबाईल तारेने जोडावा. त्यासाठी मोबाईलच्या माहितीपानावर 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट ठेवले की विकासकांसाठीचे पर्याय खुले होतात. कामाचा पहिला धडा सात टिचक्यांनी सुरू व्हावा, याची मुलांना मोठी गंमत वाटते.

त्यानंतर 'फ्लटर क्रिएट' ही आज्ञा दिली की एक तयार नमुना मिळतो. त्यात पडद्यावर एक अंक असतो व खाली अधिकचे चिन्ह असलेले बटण. बटण दाबले की अंक एकाने वाढतो. बस्स, एवढेच. पुष्कळजण हा नमुना पाहून पुसून टाकतात. मला मात्र वाटते की, सुरतेतल्या मुलासाठी याहून चांगला आरंभ शोधून सापडला नसता.

याचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. येथील मागावर मजुरी पुष्कळ ठिकाणी मीटरवर किंवा ताक्यावर ठरते. किती विणले याची नोंद कारखान्याच्या वहीत होते. मजुराची स्वतःची नोंद एक तर डोक्यात असते, नाही तर खिशातल्या चिठ्ठीवर. हिशेबाच्या दिवशी दोन्ही आकडे जुळले नाहीत तर वही खरी मानली जाते आणि चिठ्ठी खोटी. फ्लटरच्या त्या नमुन्यातील अंकाच्या जागी 'आजचे ताके' असे लिहा, त्याला तारीख जोडा, दर जोडा, आणि मजुराच्या मोबाईलवर त्याची स्वतःची वही तयार होते. वाद उद्भवला तर दिवसवार नोंद दाखविता येते. मुलगा आपल्या वडिलांसाठी हे करू लागला म्हणजे शिकण्याला जो नेट येतो तो क्रमिक पुस्तकाने येत नाही.

ही वही करताना चौकटीची सारी तत्त्वे ओघाने येतात. फ्लटरमध्ये पडद्यावरील प्रत्येक वस्तू 'विजेट' असते. शब्द एक विजेट, बटण एक विजेट, त्यांना आडव्या किंवा उभ्या ओळीत मांडणारे तेही विजेटच. एकात एक घालीत जावयाचे, डब्यात डबे ठेवतात तसे. काही विजेटे स्थिर असतात, जशी शीर्षकाची पाटी. काहींना स्मरण असते, जसा ताक्यांचा अंक. अंक बदलला की 'स्थिती बदलली' असे चौकटीला कळवावे लागते, मग ती तेवढा भाग पुन्हा रंगविते. फ्लटर यंत्राची स्वतःची बटणे उसनी घेत नाही, ती सारे चित्र आपण स्वतः काढते. म्हणून अँड्रॉइडवर आणि आयफोनवर पडदा सारखाच दिसतो. लिहिताना केलेला बदल चालू आज्ञावलीत क्षणार्धात उतरतो, आधीचा अंक तसाच राहतो. एखादी चूक झाली तर ती त्याच जागी दिसते व तेथेच सुधारता येते. शिक्षकांच्या दृष्टीने ही सोय बहुमोल आहे.

येथपर्यंतचा मार्ग सरळ आहे. अडचण येते ती भाषेच्या ठिकाणी, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या कोणत्याही धड्यात तिचा पुरेसा उल्लेख नसतो. म्हणून यावर थोडे विस्ताराने बोलतो.

वडिलांनी मराठी कळफलकावरून ताक्यांच्या रकान्यात '१२' असा देवनागरी अंक लिहिला, असे समजा. मजकुराचा अंक करणारी डार्टची नेहमीची आज्ञा फक्त रोमन अंक ओळखते. तिला '१२' हा अंकच वाटत नाही. ती चूक झाल्याचे जाहीर करते, आणि विचार करून तशी तजवीज केलेली नसेल तर मजुराची नोंद होतच नाही. गंमत अशी की, तारीख व रक्कम मराठी पद्धतीने दाखविणारे जे साहित्य फ्लटरबरोबर वापरतात ते पडद्यावर अंक देवनागरीतच लिहिते, आणि एक लाख वीस हजार हा आकडा १,२०,००० असा लाखाच्या ठिकाणी स्वल्पविराम देऊन मांडते. म्हणजे दाखविताना मराठी येते, वाचताना येत नाही. उपाय अगदी छोटा आहे. वाचण्यापूर्वी देवनागरी अंकांच्या जागी रोमन अंक घालणाऱ्या चार ओळी लिहाव्यात. गुजराती अंकांसाठीही तेच करावे. पण हा उपाय सुचण्यासाठी लिहिणारा स्वतः असा अंक लिहिणारा असावा लागतो.

दुसरी गोष्ट अक्षरे मोजण्याची. 'श्री' हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर आहे. यंत्र त्यात श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे चार घटक मोजते. नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातली तर मराठी नाव मध्येच, कदाचित जोडाक्षराच्या पोटातून, तुटते. फ्लटरमध्ये दृश्य अक्षरे मोजणारे वेगळे साहित्य आहे, ते वापरावे. रकान्याची उंचीही ठराविक ठेवू नये. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकोनात आपले उकार खालून कापले जातात आणि वेलांट्या वरून.

तिसरी गोष्ट वर्णक्रमाची. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' च्या नंतर येतो. युनिकोडच्या क्रमात तो 'ल' च्या शेजारी बसविलेला आहे. म्हणून साध्या पद्धतीने लावलेल्या यादीत 'काळे' हे आडनाव 'कासार' च्या आधी येते. वर्गाची हजेरी लावणाऱ्या गुरुजींना हे पहिल्याच दिवशी खटकेल.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची. इंग्रजीत 'फ्रॉम' हा शब्द ठेवून त्यापुढे गावाचे नाव चिकटविले की वाक्य तयार होते. मराठीत नंदुरबारचे 'नंदुरबारहून' होते, पण उधन्याचे 'उधनाहून' होत नाही. 'ताका' चे अनेकवचन 'ताके', आणि पुढे प्रत्यय आला की 'ताक्यांची मजुरी'. तुकडे जोडून वाक्य बनविणारी आज्ञावली मराठीत नेहमी अशुद्ध बोलणार. म्हणून फ्लटरमध्ये पडद्यावरील सर्व वाक्ये एका वेगळ्या फाइलीत, पूर्ण वाक्ये म्हणून, लिहून ठेवण्याची सोय आहे. एकवचनी व अनेकवचनी रूपे तेथे निरनिराळी देता येतात. मराठीसाठी एक फाइल, गुजरातीसाठी दुसरी. शेजारच्या मागावर ओडिशातील गंजाम जिल्ह्याचा कामगार असेल, तर त्याच्यासाठी ओडियाची तिसरी. मूळ आज्ञावलीला हात लावावा लागत नाही. यंत्रे अनेक आणि आज्ञावली एक, हे चौकटीचे वचन सुरतेत भाषा अनेक आणि आज्ञावली एक, इतके पुढे नेता येते, आणि त्याचा या शहराला अधिक उपयोग आहे. ही वाक्यांची फाइल लिहिण्याचे काम भाषेच्या शिक्षकांचे आहे असे मी समजतो. त्यासाठी डार्ट यावी लागत नाही.

टंकांबद्दल एक सूचना. जुन्या मोबाईलवर देवनागरीचा चांगला टंक असेलच असे नाही. संकेतस्थळाच्या रूपात चालविताना तर फ्लटर न सापडलेला टंक जालावरून मागविते, आणि जाल बंद असल्यास अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी, किंवा मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेने घडविलेला मुक्त, हे टंक विनामूल्य आहेत. त्यांपैकी एखादा आज्ञावलीच्या सोबतच बांधून द्यावा.

आता चौकट कोठे अपुरी पडते तेही सांगितले पाहिजे. नोंदी मोबाईलमध्ये साठविण्यासाठी एस्क्यूलाइट वापरणारे एक प्रसिद्ध साहित्य आहे. ते अँड्रॉइड व आयफोनवर सरळ चालते, विंडोजवर व संकेतस्थळावर त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. कॅमेरा, ठिकाण, छपाई यांची साहित्ये घेतानाही प्रत्येकाच्या पानावर ते कोणकोणत्या यंत्रांवर चालते याची नोंद असते, ती आधी वाचावी. दुसरे असे की, आयफोनसाठीची अंतिम प्रत तयार करण्यास अ‍ॅपलचा मॅक संगणक लागतो आणि ती अ‍ॅपलच्या भांडारात ठेवण्यास दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. चौकट कितीही चांगली असली तरी हे कुंपण ओलांडता येत नाही. विद्यार्थ्याने आरंभी आयफोनचा विचार बाजूला ठेवावा. लिहिलेले वाया जात नाही, पुढे सोय झाली की तीच आज्ञावली तेथे नेता येते.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल तशी आज्ञावली लिहून देतात, मग हे सारे शिकावयाचे कशाला, असेही विचारले जाते. त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु वडिलांनी देवनागरीत लिहिलेला अंक का नोंदला गेला नाही, हे शोधताना लिहिलेल्या ओळी वाचता आल्या पाहिजेत, एवढे शिक्षण तरी लागतेच.

शिक्षकांना आणखी एक विनंती आहे. हजेरीची किंवा गुणपत्रकाची आज्ञावली मुलांकडून अवश्य करून घ्यावी, पण मुलांची खरी नावे व दूरध्वनी क्रमांक जालावरील साठ्यात ठेवू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, आणि त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. मजुराच्या वहीलाही हीच गोष्ट लागू समजावी. नोंद त्याच्याच मोबाईलमध्ये राहू द्यावी.

आपल्याकडे शासनाची कामेही आता मोबाईलवर येत आहेत. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या आज्ञावलीतून शेतकरी आपल्या शेतातील पिकाची नोंद स्वतः करू लागला. तुमच्यापैकी ज्यांची जमीन अजून गावाकडे आहे त्यांना ते माहीत असेल. अशा आज्ञावली कोणीतरी लिहितो, आणि तो शहाद्याचा किंवा लिंबायतचा का असू नये, याला तांत्रिक कारण आता उरलेले नाही.

शेवटी प्रकाशनाविषयी. गूगलच्या भांडारात नाव नोंदविण्यास एकदाच २५ डॉलर लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला आणखी एक अट आहे. आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्याआधी किमान १२ माणसांनी सलग १४ दिवस तिच्या चाचणीत भाग घेतला पाहिजे. शहरातील पुष्कळ मुले या अटीवर नाराज असतात आणि ओळखीच्या विद्यार्थ्यांचीच बारा नावे घालून मोकळी होतात. तुम्ही तसे करू नका. तुमच्या चाळीत बारा माणसे सहज मिळतील. त्यांत दिवसपाळीचे काही घ्या आणि रात्रपाळीचे काही घ्या. वाचता न येणारा एखादा, आणि गुजराती वाचणारा एखादा, असेही घ्या. त्यांना काही समजावून सांगू नका. नुसते शेजारी बसा आणि बोट कोठे अडते ते कागदावर टिपून ठेवा. रात्रभर माग चालवून आलेल्या माणसाला पडद्यावरचे अक्षर केवढे मोठे लागते, हे पहिल्याच सकाळी तुमच्या लक्षात येईल.